सासूबाई ताट ढकलून देतात

प्रश्न : माझ्या सासूबाई 84 वर्षांच्या आहेत. दिवाळीनंतर ओट्यावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तेव्हापासून पलंगावरच आहेत. सांभाळायला एक बाई ठेवलीय. ती मायेनं भरवते, पण सासूबाई तोंड फिरवतात, ताट ढकलतात, अहिराणीत शिव्या देतात. पूर्वी त्या गावोगावच्या लग्नांत खापरावरचे मांडे करायला जायच्या. घरचे म्हणतात, बुद्धी फिरली. खरंच तसं असेल का?
– एक सून, अमळनेर तालुका

उत्तर : ताई, मांड्यांचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, मला तिथंच थांबावंसं वाटलं. कणीक किती तिंबली, खापर किती तापलं, हे जिला नुसतं बघून कळायचं, तिच्या तोंडात कुणी अळणी वरणभाताचा काला "आ कर बाळा" म्हणत कोंबला तर ती तोंड फिरवणारच. मीही फिरवीन.

पण मी नर्स. धुळ्यात वॉर्डात आयुष्य गेलं, त्यामुळे आधी शरीराचं. हा बदल दोन-चार दिवसांत एकदम झाला असेल, म्हणजे दिवसा गुंगी, रात्री बडबड, घरचं माणूस न ओळखणं, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. म्हातारपणी लघवीच्या जंतुसंसर्गानं ताप नसतानाही माणूस भ्रमिष्टासारखं वागतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, रक्तातलं सोडियम उतरलं, पोट साफ झालं नाही, तरी तसं होऊ शकतं. आणि दवाखान्यातून आणलेली पिशवी एकदा उघडून बघा. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र ऑपरेशनच्या वेळी काढून ठेवतात, ते पुष्कळदा तिथंच राहून जातं. मग माणसाला चावता येत नाही, ऐकू येत नाही, आणि आपण बुद्धीला दोष देतो.

शिव्या नेमक्या कधी देतात, ते बघा. कूस बदलताना देत असतील तर दुखत असेल. न सांगता पाय उचलला तर कुणालाही राग येईल. सांभाळणाऱ्या बाईंना म्हणावं, आधी सांगा, क्षणभर थांबा, मग हात लावा. आणि बाळ म्हणू नका.

भेटायला येणारे पलंगाच्या वरून तुम्हालाच विचारत असतील, "जेवतात का? ओळखतात का?" त्यांना सांगा, सासूबाईंनाच विचारा. समोर बसून, "कसं शे माय?" म्हणून, उत्तराला वेळ देऊन. (नातवंडांना अहिराणीची लाज वाटते, हा माझा जुना राग. तो आज काढत नाही.)

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरण घालालच. वाटीत थोडं घेऊन चमचा त्यांच्या हातात द्या. साखरेचा आजार असेल तर चव घेण्यापुरतंच. गोड बेताचं झालंय का, पुरण नीट वाटलं गेलंय का, विचारा. बिघडलंय म्हणाल्या तर खरंच सुधारा, त्यांच्यादेखत. निवडलेलीच डाळ पुन्हा निवडायला देण्यासारखं खोटं काम मात्र देऊ नका, त्यांना ते लगेच कळतं. भरवताना पाठ सरळ ठेवून बसवा, जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. वरचेवर ठसका लागत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

एक मात्र मला खटकलं. खुब्याच्या ऑपरेशननंतर बहुतेकांना एक-दोन दिवसांतच आधारानं उभं करतात. तुमच्या सासूबाई इतके महिने पलंगावरच का, वॉकर, व्यायाम यांचं काय, हे हाडांच्या डॉक्टरांना विचाराच. जाताना त्यांना सोबत न्या. पाय त्यांचा आहे, पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या.