चिनी काढा घ्यायचा असेल तर आधी त्यातल्या वनस्पतींची यादी हातात घ्या

ताई, तुमच्या मिस्टरांच्या एन्डोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये 'क्रॉनिक अ‍ॅट्रोफिक गॅस्ट्रायटिस, सोबत इंटेस्टिनल मेटाप्लेशिया' आलंय, म्हणजे जठराला जुनी सूज, अस्तर विरळ झालेलं आणि काही जागी ते आतड्याच्या अस्तरासारखं झालेलं; चीनमधल्या सूजौ शहरातल्या तुमच्या शेजारीण बाईंनी ओळखीच्या चिनी वैद्याचा सहा महिन्यांचा काढा सुचवलाय, आणि सांगलीहून सासूबाई म्हणताहेत की ते सगळं सोडा आणि इकडे या. शांघायला असताना हाच रिपोर्ट माझ्या नावाने आला होता, अगदी शब्दन् शब्द. म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. स्वतःच्या पोटामुळे जे वाचलं आणि जे सोसलं तेवढंच सांगते. निर्णय त्यांच्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

जेवणाच्या वेळा, लोणचं, मीठ, दारू-सिगारेट याबद्दल तुम्हाला दहा जण सांगतील, ते मी सोडून देते.

आधी भीतीबद्दल. तिकडच्या रिपोर्टवर किंवा डॉक्टरांच्या तोंडी 'कर्करोगपूर्व' आलं की झोप उडते. पण ही पायऱ्यांची वाट आहे: साधी सूज, मग अस्तर विरळ होणं, मग मेटाप्लेशिया, मग डिस्प्लेशिया (पेशींची ठेवणच बिघडणं) आणि त्यानंतर कर्करोग. पेलायो कोरेया या विकृतिशास्त्रज्ञांनी ती मांडली. बहुतेक माणसं मधल्याच पायरीवर आयुष्यभर राहतात. नेदरलँड्समध्ये हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा मेटाप्लेशिया असलेल्यांत कर्करोगाचं प्रमाण वर्षाला साधारण ०.२५ टक्के निघालं, म्हणजे हजारात दोन-तीन. तीव्र डिस्प्लेशियात मात्र ते ६ टक्क्यांच्या घरात होतं. त्यामुळे रिपोर्टमध्ये डिस्प्लेशिया हा शब्द आहे का, हे आज रात्रीच नीट बघा. तो असेल तर काढ्याची चर्चा तिथेच थांबवा आणि थेट डॉक्टरांकडे जा. नसेल तर तुमच्या हातात शांतपणे विचार करायला वेळ आहे.

आता हेलिकोबॅक्टर पायलोरी, म्हणजे जठरात राहून सूज आणणारा जंतू. तुमच्या पोस्टमध्ये त्याचा उल्लेखच नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. चीनमध्येच, शानडोंग प्रांतातल्या लिनछू तालुक्यात, जिथे जठराचा कर्करोग फार, तिथे १९९५ मध्ये ३,३६५ गावकऱ्यांवर एक मोठा प्रयोग सुरू झाला. ज्यांना जंतू होता त्यांच्यातल्या काहींना दोन आठवडे अमॉक्सिसिलिन आणि ओमेप्राझोल दिलं. शिवाय काहींना सात वर्षांहून जास्त काळ लसणाचा अर्क, काहींना जीवनसत्त्वं, आणि तुलनेसाठी काहींना नुसत्या बिनऔषधी गोळ्या. बावीस वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा अवघ्या दोन आठवड्यांच्या त्या औषधाने जठराच्या कर्करोगाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलेलं दिसलं. सुरुवातीलाच मेटाप्लेशिया किंवा डिस्प्लेशिया असलेल्यांनाही त्याचा फायदा झाला होता. (लसणाचं नाव वाचून कोणी सकाळी उपाशीपोटी कच्च्या पाकळ्या चावायला लागू नका. तिथे मोजूनमापून बनवलेल्या कॅप्सूल होत्या, आणि कर्करोग होण्याच्या बाबतीत लसणाचा परिणाम औषधाइतका ठाम निघाला नाही.) चिनी औषधांच्या बाजूने बोलणाऱ्या कोणालाही मी हेच सांगते, की या आजारावरचा सगळ्यात भक्कम पुरावा चिनी खेड्यातलाच आहे आणि तो अँटिबायोटिकच्या बाजूचा आहे.

माझ्या बाबतीत नेमकं हेच अडवलं गेलं, आणि ते अजून मनातून जात नाही.

परदेशी लोकांसाठी चालणारं एक खाजगी चिनी वैद्यकीय केंद्र होतं, नाव लिहीत नाही. वैद्यबाईंनी दोन्ही हातांची नाडी पाहिली, जीभ पाहिली, प्लीहा आणि जठर दुर्बळ आहे म्हणाल्या. बोलणं इतकं मायेचं की बरं वाटलं. मग सांगितलं की अँटिबायोटिक 'थंड' असतात, आधीच दुर्बळ पोटाला झेपणार नाहीत, आमचा कोर्स पुरा होईपर्यंत ती घेऊ नका. काढा घरी उकळायचा नव्हता. ते स्वतः उकळून प्लास्टिकच्या सीलबंद पाकिटांत देत, गरम पाण्यात पाकीट बुडवून कोमट करून प्यायचा. पाकिटावर माझं नाव आणि तारीख. बाकी काही नाही.

काही आठवड्यांनी थकवा यायला लागला, अन्नावरची वासना गेली, लघवी चहासारखी गडद झाली. रक्त तपासलं तर लिव्हरची एन्झाइम्स कितीतरी पटींनी वाढलेली. सरकारी हॉस्पिटलमधल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला: काय घेत होतात? मी पाकीट पुढे केलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, यादी आणा.

ती यादी मला कधीच मिळाली नाही. केंद्राच्या काउंटरवर सांगितलं की हे घराण्याचं औषध आहे, बाहेर देता येत नाही. मी लिव्हरचा रिपोर्ट दाखवला. वीचॅटवर फोटो पाठवले. नवऱ्याच्या चिनी सहकाऱ्याला सोबत नेलं, तो बिचारा तासभर त्यांच्याशी त्यांच्या भाषेत भांडला. उत्तर एकच: सगळं नैसर्गिक आहे, त्याने लिव्हर बिघडत नाही. वर उरलेल्या पाकिटांच्या बदल्यात दुसरा काढा देऊ केला! ज्या माणसाचं लिव्हर सुजलंय त्याच्या डॉक्टरला औषधाचं नाव न सांगणं हा माझ्या दृष्टीने गुन्हा आहे. यादी नाही म्हणून डॉक्टरांना हेपॅटायटिसचे सगळे प्रकार, स्वप्रतिकारक आजार, एकेक करत वगळावं लागलं, लिव्हरच्या बायॉप्सीपर्यंत बोलणं गेलं. काढा बंद केल्यावर एन्झाइम्स हळूहळू उतरली. पण ती उतरेपर्यंत पायलोरीचे उपचार पुढे, आणि त्यामुळे पुढची एन्डोस्कोपीही पुढे. पैसा गेला त्याचं काही नाही, पण त्या जंतूला पोटात फुकटचा वेळ मिळाला.

सगळे चिनी वैद्य असे नसतात. मोठ्या सरकारी हॉस्पिटलांत पारंपरिक वैद्यकाचा स्वतंत्र विभाग असतो, तिथे प्रत्येक वनस्पतीचं नाव आणि ग्रॅम छापलेलं प्रिस्क्रिप्शन मिळतं, आणि तो वैद्य तुमचा एन्डोस्कोपीचा रिपोर्ट वाचू शकतो. काढा घ्यायचाच असं ठरलं तर तिथेच जा.

यादीवर मी एवढी का अडून बसते ते सांगते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समधल्या एका वजन कमी करण्याच्या क्लिनिकमध्ये बायकांना चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल दिल्या गेल्या. त्यात हान फांग जी हवी होती, तिच्या जागी ग्वांग फांग जी आली. नावं जवळची, वनस्पती पूर्ण वेगळ्या. दुसरीत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. शंभरावर बायकांच्या किडन्या खराब झाल्या, आणि नंतर त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. कर्करोग टाळायला म्हणून काही घ्यावं आणि त्यातच कर्करोग घडवणारं असावं, ही शक्यता कागदावरची नाही. त्याच कुळातली ग्वान मू थोंग चीनने स्वतः २००३ मध्ये बाद केली. सासूबाईंच्या ओळखीचे कोणी वैद्य असतील तर त्यांनाही हाच प्रश्न विचारा, कारण आपल्याकडची ईश्वरी ही वनस्पती याच कुळातली आहे. चिनी असो की देशी, यादीशिवाय घोट नाही.

यादीत लॅटिन नाव हवंच. चिनी अक्षरं, उच्चार, लॅटिन नाव आणि ग्रॅम, चारही. हो शौ वू, बाई शिएन फी, हुआंग याओ ज्झ यांपैकी काही दिसलं तर लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका. तिघांचीही लिव्हर बिघडवल्याची नोंद आहे. यातली हुआंग याओ ज्झ म्हणजे आपल्या कोकणातला करांदाच. आपल्याकडे कडू करांदा उकळून, पाणी टाकून, कडूपणा काढूनच खातात. काढ्यात उकळलेलं पाणीच प्यायचं असतं, म्हणजे कडू तेवढं सगळं पोटात.

करांद्यावरून आठवलं, हे तंबाखू-मावा खाणारं माणूस घरात असलेल्यांसाठी. माझ्या सोलापूरच्या दिरांच्या गालात आतून पांढरा चट्टा आला होता, तेव्हा त्यांनी कुठूनतरी वाचून मला 'झेंगशेंगपिंग' गोळ्या आणायला सांगितल्या. सहा वनस्पतींचं हे औषध चीनमध्ये तोंडातल्या अशाच चट्ट्यांवर वापरलं गेलंय. ११२ रुग्णांवरच्या एका अभ्यासात औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांचे चट्टे लहान झाले, बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत पाचातल्या एकाचेही नाही. ऐकायला छान आहे. पण चट्टा लहान होणं आणि कर्करोग टळणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या सहा वनस्पतींत वरची हुआंग याओ ज्झही आहे आणि बाई शिएन फीही. मी गोळ्या आणल्या नाहीत. त्यांना बायॉप्सीला पाठवलं आणि मावा सोडायला लावला. चट्ट्यावर कोणी काही लावायला किंवा प्यायला देत असेल तर आधी बायॉप्सी, बाकी सगळं नंतर.

परत तुमच्याकडे. मेटाप्लेशियावर चिनी औषधं खरंच चालतात का? दुकानात 'वेइफूछुन' नावाच्या गोळ्या मिळतात, लाल जिनसेंग, एक पुदिन्याच्या कुळातली वनस्पती आणि कडू संत्र्याचं कच्चं फळ; पाकिटावर जठराच्या कर्करोगपूर्व अवस्थेचा उल्लेख स्पष्ट असतो. यावर आणि अशा इतर औषधांवर चीनमध्ये पुष्कळ अभ्यास झालेत. त्यांकडे बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा: मेटाप्लेशिया जठरात ठिपक्याठिपक्यांनी असतो. पहिल्या वेळी बायॉप्सीचा चिमटा ठिपक्यावर पडला आणि दुसऱ्या वेळी शेजारी, तर काहीही न घेता 'मेटाप्लेशिया गेला' असा रिपोर्ट येतो. ही अडचण ओळखूनच तिथल्या काही संशोधकांनी पहिल्या बायॉप्सीची जागा शाईने खूण करून ठेवण्याची पद्धत वापरली. तुम्हाला कोणी 'आमच्या काढ्याने अमक्याचा रिपोर्ट नॉर्मल आला' असं सांगितलं तर विचारा, तीच जागा तपासली होती का. माझं मत: पोटफुगी, जडपणा, भूक न लागणं यासाठी कोणाला काढ्याने बरं वाटत असेल तर जरूर घ्यावा. कर्करोग थांबवायला म्हणून घेऊ नये, आणि त्यासाठी एन्डोस्कोपी एक दिवसही पुढे ढकलू नये. यावर इथे माझ्याशी वाद घालणारे येतील, येऊ देत.

काही सुट्या गोष्टी, आठवतील तशा.

पायलोरी निघाला तर आता बहुतेक ठिकाणी चार औषधांचा १४ दिवसांचा कोर्स देतात, त्यात बिस्मथ असतं. शौचाला काळं होतं, घाबरू नका. गोळ्या मध्येच सोडू नका. जंतू गेला का हे श्वासाच्या तपासणीने नक्की करून घ्या, नुसतं 'आता बरं वाटतंय' यावर थांबू नका. त्या तपासणीआधी अँटिबायोटिक आणि बिस्मथ किमान चार आठवडे आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे बंद हव्यात. हुआंग लियानसारख्या जंतुनाशक गुणाच्या चिनी वनस्पतीही चार आठवडे बंद ठेवायला सांगतात, नाहीतर जंतू असूनही तपासणी निगेटिव्ह येते. हे काढा देणारे सांगत नाहीत. घरातल्या मोठ्या माणसांनीही तपासून घ्यावं, तुम्हीसुद्धा.

काढा सुरू करायच्या आधी लिव्हर आणि किडनीची रक्ततपासणी, आणि सुरू केल्यावर दोन-चार आठवड्यांत पुन्हा. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, यातलं काही झालं तर त्याच दिवशी बंद. मिस्टर रक्त पातळ करायची वॉर्फरिन घेत असतील तर दान शेन किंवा दांग ग्वेई या चिनी वनस्पती असलेला काढा नकोच.

भारतात परतायचं ठरलं तर हॉस्पिटलमधून फक्त रिपोर्ट आणू नका. बायॉप्सीच्या काचपट्ट्या किंवा न रंगवलेल्या जादा पट्ट्या मागून घ्या, त्यासाठी वेगळा अर्ज आणि थोडी अनामत लागू शकते. इथला पॅथॉलॉजिस्ट त्या पुन्हा वाचू शकतो आणि पुन्हा बायॉप्सी करायची गरजही कदाचित टळते.

पुढची एन्डोस्कोपी कधी, हे मेटाप्लेशिया किती पसरलाय यावर ठरतं. युरोपातल्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जठराच्या खालच्या आणि वरच्या दोन्ही भागांत असेल तर दर तीन वर्षांनी, आणि आई-वडील किंवा भावंडांत कोणाला जठराचा कर्करोग झाला असेल तर त्याहून लवकर. चीनमधले डॉक्टर बरेचदा याहून आधी बोलावतात, त्यात गैर काही नाही.

तुमच्या पोस्टमध्ये तीन गोष्टी नाहीत: बायॉप्सी कुठून घेतल्या (अँट्रम म्हणजे जठराचा खालचा भाग, बॉडी म्हणजे वरचा, की दोन्ही), पायलोरीची तपासणी झाली का, आणि घरात कोणाला हा कर्करोग झाला होता का. त्या लिहिल्यात तर इथले बाकीचे अनुभवी लोकही नीट सांगू शकतील. वैद्याकडे यादी मागायची चिनी वाक्यं माझ्याकडे अजून जपून ठेवलेली आहेत, हवी असतील तर व्यक्तिगत निरोप पाठवा, काउंटरवर फोन दाखवला की काम होतं.