माळ उतरली, आता मीटिंगला जाऊ का?

प्रश्न : ताई, मी केज तालुक्यातला, ऊसतोडीचा मुकादम. आधी हंगामातच प्यायचो. आता गावाकडं असलो तरी सकाळी घेतल्याबिगर हाताची थरथर थांबत नाही. आळंदीला जाऊन माळ घातली होती, ती उतरली. पाहुणे म्हणतात, लातूरला दारू सोडलेल्यांची मीटिंग भरते, तिथं जा. पण कुणी वळखीचं भेटलं तर? कारखाना माझ्या शब्दावर उचल देतो, कोयते (तोडणारी नवरा-बायकोची जोडपी) माझ्या शब्दावर टोळीत येतात. आणि दसऱ्यानंतर मी कोल्हापूरकडं फडात. तिथं कुठली मीटिंग?
– एक मुकादम, जि. बीड

उत्तर : मुकादम, आधी थरथरीचं बघू, मग मीटिंगचं. सकाळच्या घोटाशिवाय हात थांबत नाही म्हणजे शरीर आता दारूवर चालतंय. अशा माणसानं इरेला पेटून एकदम बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि त्यानंतर भ्रम. माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक म्हणून गेली. एक गाडीवान थेट फडातून आणला होता. कॉटवर उकिडवा बसून तो हवेतला कासरा ओढत होता, नसलेल्या बैलांना नावानं हाका मारत होता. नातेवाइकांनी आधी देवऋषी करून पाहिला होता, त्यात दीड दिवस गेला. भूतबाधा वगैरे काही नव्हतं, दारू अचानक तुटली होती. यात माणूस दगावतो, म्हणून एवढं लिहिते.

तेव्हा पहिली चक्कर अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. मानसोपचार विभागात केसपेपर काढा आणि रोज किती पिता ते खरं सांगा. (बायकोला सांगता तो आकडा नको.) औषधांनी दारू टप्प्याटप्प्यानं उतरवतात, ब-1 जीवनसत्त्व देतात. घरच्यांनी चहात, वरणात गुपचूप घालायची पावडर आणली असेल तर ती फेकायला सांगा. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असलं आणि वरून दारू पोटात गेली, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेततं.

मीटिंगचा पत्ताही त्याच विभागात समाजसेवा अधीक्षकाला विचारा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे, म्हणजे ए.ए.चे सभासद दवाखान्यांत येऊन माहिती देतात, त्यामुळे कुणाचा तरी नंबर मिळतो. 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथंही विचारता येतं. जायच्या दिवशी आधी फोन करा. या गटांना स्वतःची इमारत नसते. शाळेची खोली, एखादं सभागृह, आणि ते बदलत राहतं. आपल्याकडं माणूस एकदा कुलूप बघून परत आला की पुन्हा जात नाही, हे मी खूप पाहिलंय.

तिथं होतं काय? तासदीड तास खुर्च्यांवर बसायचं. एकेक जण स्वतःचं नाव सांगतो, ‘मी मद्यपी आहे’ म्हणतो आणि आपलीच कथा सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. तुम्हाला बोलायचं नसेल तर नुसतं ऐका. फी नाही; शेवटी पिशवी फिरते, सभासद ऐपतीप्रमाणं टाकतात, नाही टाकलं तरी चालतं. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. जात, पक्ष, गट कुणी विचारत नाही, आणि बीड जिल्ह्यातल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. देवाचं नाव येतं, पण ज्याला जसा कळला तसा. तुमचा पांडुरंग चालतो.

आता वळखीचं. तो तिथं भेटलाच, तर तोही त्याच कामाला आलेला असणार. तिथलं बाहेर बोलायचं नाही हा ए.ए.चा दंडक आहे. नाव-आडनाव वर्तमानपत्रातसुद्धा देत नाहीत. तरी मन धजत नसेल तर केजच्या जवळपास नको, लातूरच धरा. खुल्या मीटिंगला कुणीही येऊ शकतं, बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांची. राहिला शब्दाचा प्रश्न. तुम्ही पिता हे कारखान्याच्या स्लिपबॉयपासून कोपीतल्या (फडावरच्या झोपडीतल्या) पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे हो. सोडताय, एवढंच त्यांना अजून कळलेलं नाही.

फडाचं म्हणाल, तर ए.ए.चा जन्मच परगावी झालाय. 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात धंद्याचं काम फिसकटलेला एक माणूस हॉटेलात उभा होता, बाजूलाच बार. तो आत गेला नाही. फोनवर फोन लावून त्यानं आपल्यासारखाच एक पिणारा शोधला. तो निघाला डॉक्टर. त्या दोघांच्या बोलण्यातून हे सगळं उभं राहिलं. कोल्हापूर-सांगलीकडं गट आहेत. फड कुठल्या तालुक्यात पडणार ते कळलं की लातूरच्या माणसाला सांगा, तो तिकडच्याशी गाठ घालून देईल. तोड रात्री उशिरापर्यंत चालते, दर आठवड्याला जमणार नाही. मग फोन करा, ऑनलाइन मीटिंगला बसा. एक जुना, टिकलेला सभासद ‘स्पॉन्सर’ म्हणून धरा. प्यावीशी वाटली की पिण्याआधी त्याला फोन, नंतर नव्हे.

मंडळींसाठी अल-ॲनॉन हे पिणाऱ्यांच्या घरच्यांचे वेगळे गट असतात. जवळ नसेल तर खुल्या मीटिंगला त्यांनाही न्या. आणि यंदा टोळीची खर्ची (खर्चाचे पैसे) वाटायचं काम भावाकडं किंवा मेव्हण्याकडं द्या. बाजाराच्या दिवशी एवढी रोकड तुमच्या खिशात नको.