जर्मनीतला आरोग्य विमा: पब्लिक सोडून प्रायव्हेटकडे जावे का?

प्रश्न: माझे वय ३५ असून मी श्टुटगार्टजवळ वाहन उद्योगात सॉफ्टवेअर अभियंता आहे. पगार नुकताच वार्षिक ८२,००० युरो झाला. पत्नी सध्या जर्मन शिकत असून नोकरी करत नाही, आणि तिला थायरॉइडची गोळी सुरू आहे. मुलगी तीन वर्षांची आहे आणि दुसऱ्या अपत्याचा विचार आहे. आत्ता मी पब्लिक विम्यात आहे. एका विमा प्रतिनिधीने मला ५६० युरो मासिक हप्त्याची प्रायव्हेट योजना सुचवली असून तिच्यामुळे दरमहा तीनशेहून अधिक युरो वाचतील असे तो सांगतो. ती रक्कम पुण्यातल्या आईवडिलांच्या (वय ६६ व ७१) आरोग्य विम्याकडे वळवावी असा विचार आहे. दहा वर्षांनी भारतात परतायचे आहे. काय करावे?

उत्तर: तुमच्या परिस्थितीत मी पब्लिकमध्येच राहण्याचा सल्ला देईन. प्रतिनिधीने मांडलेला हिशेब चुकीचा नाही, पण तो एका माणसाचा आहे आणि तुमचे कुटुंब आज तिघांचे असून उद्या चौघांचे होणार आहे.

आधी तुमचा सध्याचा खर्च पाहू. पब्लिक विम्याचा हप्ता पगाराच्या प्रमाणात असतो, मात्र २०२६ मध्ये दरमहा ५,८१२.५० युरोपर्यंतच्याच पगारावर तो आकारला जातो. मूळ दर १४.६ टक्के आणि त्यावर प्रत्येक क्रांकनकासेचा, म्हणजे पब्लिक विमा चालवणाऱ्या संस्थेचा, अतिरिक्त दर, जो या वर्षी सरासरी २.९ टक्के धरला आहे. त्यातला निम्मा भाग कंपनी भरते. शुश्रूषा विम्याचा (आजारपणात वा म्हातारपणी दीर्घकाळ लागणाऱ्या देखभालीसाठीच्या विम्याचा) तुमचा १.८ टक्के वाटा मिळवला, की तुमच्या खिशातून साधारण ६१३ युरो जातात. प्रायव्हेटच्या ५६० युरोंपैकी निम्मे कंपनीने दिले तर तुमच्याकडे २८० युरो राहतात. फरक ३३३ युरोंचा, आणि प्रतिनिधीची बेरीज इथेच थांबते.

पब्लिकमध्ये तुमची पत्नी आणि मुलगी या तुमच्याच हप्त्यात विनामूल्य समाविष्ट आहेत. तुम्ही बाहेर पडलात की हे कौटुंबिक संरक्षण त्याच दिवशी संपते, आणि ज्या सदस्याला स्वतःचे उत्पन्न नाही त्याचाही हप्ता स्वतंत्रपणे भरावा लागतो. प्रायव्हेटमध्ये हप्ता उत्पन्नावर नव्हे, तर प्रवेशाचे वय, प्रकृती आणि निवडलेल्या योजनेवर ठरतो. समजा पत्नीसाठी ४८० आणि मुलीसाठी १७० युरो पडले, तर एकूण १,२१० युरो होतात. कंपनी कुटुंबीयांच्या हप्त्यातही निम्मा वाटा देते, पण तिच्या एकूण योगदानाला पब्लिकइतकीच, म्हणजे सुमारे ६१३ युरोंची मर्यादा आहे. तुमचा वाटा ६०५ युरो होतो आणि बचत उरते आठ युरोंची. दुसरे मूल झाले आणि त्याचेही १७० युरो धरले, तर कंपनीची मर्यादा ओलांडली जाते आणि तुम्हाला सुमारे ७६७ युरो भरावे लागतात, म्हणजे आजच्यापेक्षा दीडशेहून अधिक. पब्लिकमध्ये मात्र दुसऱ्या अपत्यानंतर शुश्रूषा विम्यातला तुमचा वाटा उलट थोडा कमी होतो. पत्नी आणि मुलीचे आकडे मी अंदाजाने धरले आहेत. प्रतिनिधीकडून तिघांचे मिळून लेखी कोटेशन मागवा. ते देताना तो टाळाटाळ करू लागला तर त्यातूनही तुम्हाला बरेच कळेल.

पत्नीने उद्या नोकरी धरली तर तिचा विमा तिच्या नोकरीतून पब्लिकमध्ये होईल आणि मग गणित जुळेल, असा विचार मनात येऊ शकतो. त्यात एक खाच आहे. पालकांपैकी एक प्रायव्हेटमध्ये असेल, त्याचे उत्पन्न सक्तीच्या विम्याच्या मर्यादेहून (ज्या वार्षिक पगारापर्यंत नोकरदाराला पब्लिकमध्येच राहावे लागते, तिच्याहून) जास्त असेल आणि ते दुसऱ्या पालकापेक्षाही अधिक असेल, तर मुले पब्लिकमधल्या पालकाच्या विम्यात विनामूल्य येत नाहीत. म्हणजे मुलांचे हप्ते तुमच्यावरच राहतील.

पत्नीच्या थायरॉइडचा प्रश्न तुम्ही ओझरता लिहिला आहे, पण तो लहान नाही. प्रायव्हेट कंपनी प्रवेशापूर्वी प्रकृतीविषयी प्रश्न विचारते आणि आजारानुसार अधिभार लावते किंवा अर्जच नाकारते. भारतात घेतलेले उपचारही या उत्तरांत यावेच लागतात. ‘तिकडचे इथे कोणाला कळणार’ असे तुम्हाला कोणी सुचवले, तर ते मनावर घेऊ नका. मोठे बिल आले की जुन्या नोंदी तपासल्या जातात, आणि माहिती दडवल्याचे आढळल्यास कंपनी करारातून माघार घेऊ शकते.

परतीच्या वाटेकडेही नीट पाहायला हवे. प्रायव्हेटमध्ये गेल्यावर पब्लिकमध्ये येण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे पगार सक्तीच्या मर्यादेखाली जाणे. ही मर्यादा २०२५ मध्ये ७३,८०० युरो होती आणि २०२६ मध्ये ७७,४०० झाली. वयाच्या ५५ नंतर हा मार्गही जवळजवळ बंद होतो. तुम्ही पंचेचाळिशीत परतणार असल्यामुळे हा नियम आपल्याला लागू नाही असे तुम्हाला वाटेल. पण दोन-तीन वर्षांसाठी म्हणून गेलेली आणि मुलांचे आबिटूर (शालान्त परीक्षा) होईपर्यंत म्हणून राहिलेली मराठी कुटुंबे जर्मनीत कमी नाहीत. निवृत्तीनंतर पब्लिकमधला हप्ता निवृत्तिवेतनाच्या प्रमाणात असतो, तर प्रायव्हेटमधला हप्ता तुमचे उत्पन्न घटले म्हणून कमी होत नाही. म्हातारपणी हप्ता फार वाढू नये म्हणून प्रायव्हेट कंपन्या तरुणपणीच राखीव निधी साठवतात, त्यासाठी कायद्याने दहा टक्के अधिभारही घेतला जातो. परंतु करार संपवून भारतात परतलात, तर तो निधी तुम्हाला रोख मिळत नाही. राहिलात तर उतारवयातला हप्ता, गेलात तर गमावलेला निधी, अशी ती योजना दोन्ही बाजूंनी तुम्हाला महाग पडू शकते.

प्रायव्हेटचे फायदे खोटे नाहीत. तज्ज्ञ डॉक्टरांची भेट बहुधा लवकर मिळते, दाताच्या कामाचा बराचसा खर्च निघतो आणि मान्य झालेल्या सुविधा करारात लिहिलेल्या असल्यामुळे कंपनी त्या एकतर्फी कमी करू शकत नाही. एकटा राहणारा, धडधाकट, तिशीच्या आसपासचा आणि मोठा पगार असलेला माणूस याच प्रश्नाने माझ्याकडे आला असता तर मी इतक्या ठामपणे नाही म्हटले नसते. उपचारखर्चाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग ज्यांना सरकारकडून मिळतो, त्या जर्मन सरकारी अधिकाऱ्यांसाठी तर प्रायव्हेट हीच रूढ वाट आहे. तुम्हाला भुरळ पडते ती सोय मुख्यतः दाताची किंवा रुग्णालयातल्या स्वतंत्र खोलीची असेल, तर पब्लिकमध्ये राहून त्यासाठीचा पूरक विमा वेगळा घेता येतो.

त्याआधी एक साधी बचत करा. क्रांकनकासेचे अतिरिक्त दर एकमेकांहून वेगळे असतात. आत्ताच्या संस्थेत बारा महिने पूर्ण झाले असतील तर दुसऱ्या संस्थेत जाता येते, आणि त्यासाठी प्रकृतीची तपासणी होत नाही. दरात एक टक्क्याचा फरक मिळाला तर तुमच्या वाट्याचे दरमहा सुमारे २९ युरो वाचतात. कायद्याने ठरलेल्या मूळ सुविधा सगळीकडे सारख्याच असल्यामुळे यात फारसे काही गमावण्यासारखे नाही.

आईवडिलांचा प्रश्न जर्मन विम्याच्या कोणत्याही प्रकाराने सुटत नाही, कारण कौटुंबिक विमा पती-पत्नी आणि मुलांपुरताच असतो. वडील ७१ वर्षांचे आहेत, त्यामुळे त्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड आधी काढून घ्या. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण त्यातून मिळते, आणि खासगी पॉलिसी असली तरी ते घेता येते. मात्र उपचार योजनेत सामील असलेल्या रुग्णालयातच घ्यावे लागतात. आई ६६ वर्षांच्या असल्यामुळे त्या अजून त्यात बसत नाहीत, म्हणून तुमचे पैसे आधी त्यांच्या स्वतंत्र पॉलिसीवर खर्च व्हावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाल्यामुळे तेवढा भार हलका झाला आहे.

आणि दहा वर्षांनी खरोखरच परतायचे असेल, तर त्याच्या तीन-चार वर्षे आधी स्वतःसाठी आणि पत्नीसाठी भारतात पॉलिसी सुरू करा. आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ कंपन्यांना जास्तीत जास्त तीन वर्षांचा ठेवता येतो. तो तुम्ही श्टुटगार्टमध्ये असतानाच पूर्ण झाला, तर पुण्यात उतरल्यावर थायरॉइडशी संबंधित दावा त्या कारणाने अडणार नाही.