शेरूच्या गुडघ्यासाठी मुदत ठेव मोडावी का?

नाशिकच्या एका ताईंनी विचारलं आहे : आमचा लॅब्रॉडर शेरू आठ वर्षांचा आहे, वजन ४३ किलो. महिन्याभरापूर्वी फिरताना अचानक मागचा उजवा पाय उचलून धरला, तो अजून नीट टेकत नाही. गुडघ्यातलं लिगामेंट तुटल्याचं निदान झालं. पुण्यात ऑपरेशन करायचं तर १,२०,००० रुपये सांगितलेत. मिस्टर अंबड एमआयडीसीत नोकरीला, हातात ६०,००० येतात. मी घरी शिकवण्या घेते, त्याचे १८,०००. घराचा हप्ता २४,५०० आणि म्युच्युअल फंडाची एसआयपी १०,०००. बाकीचे घरखर्चाला लागतात, त्यातले साडेसहा हजार दोन कुत्र्यांचे. अडीनडीला म्हणून ३,००,००० ची मुदत ठेव आहे. मुलगी दहावीत आहे, तिच्या अकरावीसाठी आणि क्लाससाठी २,००,००० वेगळे ठेवलेत. मिस्टर म्हणतात, म्हाताऱ्या कुत्र्यावर एवढा खर्च केला तर लोक वेड्यात काढतील. सासूबाई मात्र म्हणतात, माझ्या पाटल्या गहाण ठेवा. हॉस्पिटलमध्ये क्रेडिट कार्डावर हप्त्यांची सोयही आहे. शिवाय गेल्या पावसाळ्यात रस्त्यावरून उचलून आणलेली चिंगी आहे. तिचा विमा काढावा का?

ताई, नमस्कार.

आधी ‘लोक काय म्हणतील’ हा मुद्दा बाजूला ठेवू. दरमहा हप्ता वेळेवर भरून, मुलीचे पैसे वेगळे ठेवून, अडीनडीची सोय करून जे उरतं, ते कशावर खर्च करायचं हे ठरवायचा अधिकार तुमच्या घराचा आहे. आठ वर्षं जो जीव तुमच्या दारात झोपला, त्याच्या पायावर खर्च करणं हा वेडेपणा नाही. मात्र मिस्टरांच्या बोलण्यात काळजीचाही भाग आहे आणि तो खरा आहे. तुमच्या घरात पैसा आहे, पण सैल नाही. म्हणून प्रश्न दोन आहेत : हा खर्च शेरूच्या उपयोगी पडेल का, आणि पडणार असेल तर तो कोणत्या खिशातून करायचा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांनीच द्यायचं आहे, पण त्यांना काय विचारायचं ते मी सांगतो, कारण त्या उत्तरांवर तुमचा आकडा बदलतो. १,२०,००० म्हटलंय म्हणजे बहुधा नडगीचं हाड कापून, त्याचा उतार बदलून प्लेट बसवायची शस्त्रक्रिया असणार. शेरूसारख्या जड कुत्र्यांत तीच जास्त सुचवली जाते. नुसती विश्रांती आणि औषधं यांवर निभावून नेणं लहान, हलक्या कुत्र्यांना जितकं जमतं तितकं ४३ किलोच्या लॅब्रॉडरला जमत नाही. तेव्हा विचारा : खुब्याचे सांधे कसे आहेत? भूल सोसेल का, रक्ततपासणी आणि हृदय काय सांगतंय? आणि डावा गुडघा कसा आहे? हा तिसरा प्रश्न पैशाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. एका गुडघ्याचं लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांचं पुढच्या एक-दोन वर्षांत दुसरंही जातं. म्हणजे आज तुम्ही १,२०,००० चा निर्णय घेत आहात असं वाटतं, पण खरा निर्णय त्याच्या दुपटीचा असू शकतो.

पुण्याच्या एकाच अंदाजावर थांबू नका. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, आणि साताऱ्याकडे शिरवळलाही पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. एक्स-रे घेऊन तिथे दुसरं मत घ्या. शस्त्रक्रिया कुठेही करा, पण शिकवणाऱ्या डॉक्टरचं मत घेतलंत तर घरातला वादही निवळेल.

खुबे चांगले, रक्त-हृदय ठीक आणि डावा गुडघा आज तरी घट्ट, अशी उत्तरं आली तर माझं मत स्पष्ट आहे : ऑपरेशन करा. आठ वर्षांचा लॅब्रॉडर म्हातारा होऊ लागलाय, पण त्याच्यापुढे अजून चार वर्षं असू शकतात, आणि ती तीन पायांवर, दुखत काढायला लावू नयेत. खुबेही झिजलेले निघाले किंवा भुलीचा धोका मोठा सांगितला, तर ते १,२०,००० खर्च करू नका. वेदनाशामक औषधं, वजन कमी करणं, घसरत नाही अशी फरशी, यांवर त्याचे दिवस सुखाचे करा. तसं केलंत म्हणून तुम्ही त्याच्यावर कमी प्रेम केलंत असं होत नाही.

आता खिसा. मुलीच्या २,००,००० ना हात लावू नका, एक दिवसासाठीही नाही. त्या पैशाची तारीख ठरलेली आहे, जूनमध्ये ते लागणारच. सासूबाईंच्या पाटल्यांमागची माया मला कळते, पण सोनं गहाण टाकायची वेळ आलेली नाही. कार्डावरच्या हप्त्यांचा हिशेब असा : १६ टक्के दराने बारा महिने धरले तर व्याज सुमारे १०,६५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी १,९००, वर प्रक्रिया शुल्क. साधारण साडेबारा-तेरा हजारांचा भुर्दंड. त्यात एखादा हप्ता चुकला आणि बाकी कार्डावर फिरू लागली, तर दर वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांच्या घरात जातो. हॉस्पिटलच्या खिडकीपाशी, पट्ट्याला धरून उभ्या असलेल्या माणसाला सही करायला लावणं सोपं असतं. त्या ठिकाणी निर्णय घेऊ नका, घरून घेऊन जा.

मग मुदत ठेव. ती एकाच पावतीची असेल तर मोडल्यावर सगळ्या ३,००,००० च्या व्याजदरातून मुदतपूर्व मोडण्याचा दंड कापला जातो, साधारण अर्धा ते एक टक्का. त्यापेक्षा बँकेत जाऊन ठेवीवर ओव्हरड्राफ्ट मागा, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर लागतील तेवढे पैसे उचलायची सोय. बहुतेक बँका ठेवीच्या व्याजदरावर एक-दोन टक्के चढवून, ठेवीच्या ८५-९० टक्क्यांपर्यंत देतात. ठेव ७ टक्क्यांची असेल तर ओव्हरड्राफ्ट ८ च्या आसपास पडेल. ठेवीचं व्याज चालू राहतं आणि तुम्ही जेवढे उचलाल, जेवढे दिवस उचलाल, तेवढ्यावरच व्याज. ठेव करबचतीची पाच वर्षांची असेल तर तिच्यावर कर्ज मिळत नाही, हे आधी पाहून घ्या. दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्याही सह्या लागतील.

फेडायचं कसं? एसआयपी थांबवू नका, निम्मी करा. सुटलेले ५,००० दरमहा ओव्हरड्राफ्टला भरा. मिस्टरांना दिवाळीला बोनस मिळत असेल, समजा ४०,०००, तर तो सगळा त्यात टाका. सव्वा ते दीड वर्षात १,२०,००० फिटतील आणि व्याज सहा हजारांच्या आसपास राहील, कार्डाच्या निम्मंच. एक गोष्ट मात्र डोळ्यांसमोर राहू द्या. तुमचा घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला ६८,००० लागतात, म्हणजे ३,००,००० म्हणजे साडेचार महिन्यांची सोय. ओव्हरड्राफ्ट उचललात की हातात १,८०,००० ची, अडीच महिन्यांचीच सोय उरते, आणि ती हळूहळूच परत भरते. मिस्टरांच्या कंपनीत कपातीची कुजबुज असेल तर मला तसं कळवा, मग माझं उत्तर बदलेल.

खर्चाची मर्यादा आत्ताच लिहून ठेवा : १,५०,०००. त्यात ऑपरेशनपूर्वीच्या तपासण्या, पुण्याच्या फेऱ्या, नंतरचे एक्स-रे, औषधं, सगळं आलं. डावा गुडघा पुढे गेला तर काय करायचं हेही आज तिघांनी बसून ठरवा. ऐन दुखण्यात ठरवायला बसलात की भांडणं होतात.

ऑपरेशननंतरचे आठ ते बारा आठवडे मला पैशापेक्षा जास्त काळजीचे वाटतात. शेरूला उड्या, जिना, धावणं सगळं बंद, पट्ट्यावरच थोडं थोडं चालणं. तुम्ही घरी असता ही मोठी जमेची बाजू, नाहीतर कुणाला तरी बिनपगारी रजा पडली असती. पण संध्याकाळी शिकवणीची मुलं आली, बेल वाजली की लॅब्रॉडर दाराकडे धावतो म्हणजे धावतोच. त्या एका धावेत प्लेट हलली तर सगळा खर्च वाया. तेवढे महिने बेल काढून टाका, मुलांना खालून फोन करायला सांगा, आणि शेरूला आतल्या खोलीत ठेवा. गुळगुळीत फरशीवर रबरी मॅट टाका. लिफ्ट नसेल तर पोटाखालून जाड टॉवेल घालून मागचा भाग उचलून धरायची सवय दोघांनी आत्ताच करा. ४३ किलोचा कुत्रा एकट्याने उचलायला जाऊन कंबर धरली, तर तो दवाखाना वेगळा.

आणि हे ४३ किलो. जातीच्या मानाने पूर्ण वाढलेल्या नराचं वजन २९ ते ३६ किलोच्या दरम्यान असायला हवं. अमेरिकेत ४८ लॅब्रॉडरांच्या २४ जोड्या करून, प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाऊ घालत आयुष्यभर पाहिलं गेलं. २००२ साली निष्कर्ष आले : कमी खाणारे जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि सांधेदुखीची औषधं त्यांना सुमारे तीन वर्षं उशिरा लागली. सध्या तुम्ही दोन कुत्र्यांवर जे साडेसहा हजार खर्च करता, त्यात शेरूचं खाणं मोजून देऊ लागलात तर महिन्याचे काही शे रुपये वाचतील आणि डावा गुडघाही. हा सगळ्यात स्वस्त विमा आहे, आणि आजपासून सुरू करता येतो.

सासूबाई सकाळच्या तुपाच्या पोळीतली अर्धी त्याला देत असतील, देऊ नका म्हणून त्यांना दुखवू नका. त्या अर्ध्या पोळीत त्या दोघांचं काहीतरी आहे, ते तोडायला मी सांगणार नाही. काकडीचे, गाजराचे तुकडे त्यांच्या हातात द्या, म्हणजे देणं चालू राहील. शेरू सदा भुकेला असतो, ते तुम्ही उपाशी ठेवता म्हणून नव्हे. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळलं की सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लॅब्रॉडरांत भुकेशी निगडित एका जनुकाचा तुकडाच गायब असतो. त्याच्या डोळ्यांकडे पाहून वाटी भरायची नाही. आणि नाशिकला राहता म्हणून आवर्जून सांगतो : द्राक्षं आणि मनुके कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक असतात. हंगामात टेबलावरची टोपली उंच ठेवा, पाहुण्यांनाही सांगा.

आता चिंगी. कुत्र्यांच्या विम्यात सहसा प्रवेशाच्या वयाची मर्यादा असते, लसीकरणाचं कार्ड लागतं, आधीपासूनचं दुखणं चालत नाही, लस घेतली असती तर टळला असता असा रोग चालत नाही, आणि ठरावीक वयानंतर नूतनीकरण थांबतं. म्हणजे ज्या वयात शेरू आज आहे, त्याच सुमारास अनेक पॉलिसी हात आखडतात. शेरूसाठी विम्याच्या मागे लागू नका, हा गुडघा कुणी घेणार नाही. चिंगीसाठी माझा सल्ला असा की महिन्याला १,५०० ची आवर्ती ठेव तिच्या नावाने आजच सुरू करा. साडेसहा टक्के दर धरला तर आठ वर्षांत १,८८,००० च्या आसपास जमतील, म्हणजे ती शेरूच्या आजच्या वयाची होईल तेव्हा असं पत्र लिहायची वेळ येणार नाही. हे १,५०० आत्ता निघत नसतील तर ओव्हरड्राफ्ट फिटेपर्यंत ५०० ने सुरू करा, पण सुरू करा.

अडचण एवढीच की पहिली दोन वर्षं ठेवीत फारसं काही नसतं. तेवढ्यापुरती अपघात आणि तिऱ्हाइताला चावल्यास भरपाई देणारी पॉलिसी मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही. तुमच्या घरी रोज शिकवणीची मुलं येतात, त्यामुळे तिऱ्हाइताच्या भरपाईचं कलम तुम्हाला इतरांपेक्षा जास्त कामाचं आहे. पॉलिसीत ते लिहिलंय का, किती रकमेपर्यंत, आणि प्रत्येक दाव्यात तुमचा हिस्सा किती, हे वाचूनच हप्ता भरा. प्राप्तिकरात आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जी वजावट मिळते तिच्यात हा हप्ता बसत नाही, एजंटाने काहीही सांगितलं तरी.

चिंगीचं नसबंदीचं ऑपरेशन लांबवू नका. नसबंदी न केलेल्या मादीला मध्यमवयात गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, तो रात्री-अपरात्री उघडकीस येतो, आणि तेव्हाचं तातडीचं ऑपरेशन वेळेवर केलेल्या नसबंदीच्या कितीतरी पट महाग पडतं. डॉक्टरांना वय आणि वजन दाखवून तारीख घ्या, पण शेरूच्या ऑपरेशनच्या आठवड्यात नको. दोन जखमी कुत्री एकाच घरात, त्यातली एक तरणी आणि दुसऱ्याच्या अंगावर उड्या मारणारी, हे सांभाळायला जड जाईल. शेरूचे टाके निघून तो पाय टेकवू लागला की मग चिंगीची पाळी लावा.