जमिनीतलं चित्र भिंतीवर गेलं कसं?

प्रश्न : ताई, लक्ष्मी विलास पॅलेसच्या दरबार हॉलमधली मोझाइकची फरशी लहानपणापासून बघतोय. यंदा इटलीत नेपल्सच्या म्युझियममध्ये सिकंदराच्या इराण्यांशी लढाईचं मोझाइक (बारीक तुकडे जुळवून केलेलं चित्र) बघितलं, पण ते भिंतीवर? असं मुळापासून उचलता येतं का? – एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : येतं हो! हे मोझाइक पाँपेई या ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या रोमन शहरातल्या एका मोठ्या घराच्या फरशीतलं, 1831 मध्ये सापडलं आणि 1843 मध्ये नेपल्सला हलवलं. साधारण 6 मीटर बाय 3 मीटर, दहा लाखांहून जास्त बारीक तुकडे, म्हणजे विचार करा किती जपून नेलं असेल. अशी फरशी काढायची तर सहसा वरून कापड गोंदाने घट्ट चिकटवतात, खालचा चुन्याचा थर कापत जातात आणि तुकडे कापडाला तसेच राहतात, मग नवीन बैठकीवर बसवून कापड सोडवायचं. पण एकदा उचललं की ते घर, ती खोली सुटते, याचं मला खरंच वाईट वाटतं. पाँपेईत आता त्या जागी कॉपी आहे, 2005 मध्ये बसवलेली.

बाकी रंग मुख्यतः चारच, पांढरा, पिवळा, लाल, काळा, आणि तेवढ्यात काय काय केलंय! तुम्ही तो खाली पडलेला इराणी सैनिक बघितलात का, ज्याचा चेहरा ढालीत दिसतो? फोटो काढला असेल तर झूम करून बघाच, तुकड्यांच्या ओळी चेहऱ्याच्या वळणाने फिरतात. आता दरबार हॉलमध्ये गेलात की तिथेही ओळी कशा वळवल्यात ते नीट बघा.