वाचक विचारतात : पन्नास वॉटचा हिशेब

प्रश्न : माझ्या गाडीत कंपनीकडूनच बसवून आलेला स्टिरिओ आहे. त्याच्या माहितीपुस्तिकेत ‘५० वॉट × ४’ असे छापलेले आहे. तरीही आवाज अर्ध्याच्या पुढे नेला की तो फाटतो आणि ड्रमचा ठोका पत्र्यासारखा वाजतो. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर बसवावा का?

उत्तर : छापलेला आकडा अगदीच खोटा नसला, तरी प्रामाणिकही नाही. इंजिन चालू असताना गाडीतील विद्युतदाब साधारण १४.४ व्होल्ट असतो. त्याचा वर्ग करून स्पीकरच्या ४ ओहमने भागल्यास सुमारे ५२ उत्तर येते. म्हणजेच ध्वनिलाट पार चौकोनी होईपर्यंत फाटली, तरच ते ५० वॉट मिळतात. स्वच्छ लाटेला त्याच्या निम्मे, आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या चिपमधील घट वजा जाता प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला जेमतेम १५ ते २० वॉट आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी शक्ती, येते. पडताळा हवा असल्यास स्टिरिओच्या मागचा फ्यूज पाहावा. तो १० अँपिअरचा असेल, तर सतत फार तर १४४ वॉट आत जाणार आणि त्यातलेही बरेच उष्णतेत जाणार. मग २०० वॉट बाहेर कुठून येतील?

तरीही अ‍ॅम्प्लिफायरची घाई करू नये. शक्ती दुप्पट केल्याने अवघे ३ डेसिबल वाढतात, आणि ८८ऐवजी ९१ डेसिबल संवेदनशीलतेचा (तेवढ्याच शक्तीत अधिक मोठा वाजणारा) स्पीकर घेतला तर तेवढीच वाढ एकही जादा वॉट न लागता मिळते. त्याआधी बेस आणि लाउडनेस (कमी आवाजात खालचे स्वर उठवणारी सोय) शून्यावर आणावेत. बेस ६ डेसिबलने चढवला की खालच्या स्वरांना चौपट शक्ती लागते, आणि तुमचा आवाज फाटतो तो बहुधा तिथेच.

खरी मेख मात्र दारात असते. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठाली छिद्रे असतात, त्यांतून स्पीकरच्या पाठीमागची लाट पुढे येते आणि पुढच्या लाटेला मारून टाकते. खर्ज असा जागच्या जागी नाहीसा होतो. पॅनेल उतरवून बाहेरच्या पत्र्यावर आतून बोटाने टिचकी मारावी : आधी ‘टण्ण’ वाजते, ब्युटाइल रबराची चिकट शीट घोटून चिकटवल्यावर ‘ठप’. छिद्रेही बुजवावीत, पाणी निघून जाण्याची तळाची भोके तेवढी मोकळी ठेवावीत. एवढ्याने समाधान झाले नाही, तरच अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा. त्याची तार थेट बॅटरीवरून आणावी, बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज घालावा, आणि १४.४ व्होल्ट, ४ ओहम व १ टक्का विकृती (आवाज बिघडण्याचे प्रमाण) या अटींवर दिलेला आरएमएस आकडाच ग्राह्य धरावा.

प्रश्न : मी स्वतः नवे स्पीकर बसवले, पण खर्ज पूर्वीपेक्षा कमी झाला. असे का?

उत्तर : बहुधा एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या आहेत. बॅलन्स पूर्ण एका बाजूला नेल्यावर खर्ज वाढला, तर शंका खरी. स्पीकर स्टिरिओपासून सोडवून त्याला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लागले असेल, तर शंकू बाहेर सरकतो. जोडताना स्पीकरची ऋण तार गाडीच्या पत्र्याला मात्र कधीही लावू नये, कारण आजच्या स्टिरिओत त्या तारेवरही विद्युतदाब असतो आणि चिप जळू शकते.