तुरुंगातून पळायची सोय झाली होती, तरी तो गेला नाही

अरे, तुझा परवाचा मेसेज वाचला. "मॅडम, ग्रीक थिंकर्स ते एनलाइटनमेंट एवढं सगळं तीन महिन्यांत कसं कव्हर करू" असं विचारलंयस, म्हणजे प्राचीन ग्रीसपासून अठराव्या शतकातल्या युरोपपर्यंतचा सगळा राजकीय विचार, आणि सोबत नोट्सचे फोटो पाठवलेस. नोट्स मेहनतीने काढल्यात, दिसतंय. पण त्यातल्या एका तक्त्याशी मी अडकले. राज्य कशावर उभं असतं यावर लिहिणारे सतराव्या-अठराव्या शतकातले तीन युरोपियन विचारवंत, हॉब्ज, लॉक, रूसो, असे तीन कॉलम आणि खाली माणूस मुळात कसा, तर वाईट, चांगला, फार चांगला. हाच तक्ता मी पण पाठ केला होता आणि नंतर सुरुवातीची काही वर्षं वर्गात फळ्यावर काढला पण, आणि आज त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यातलं हॉब्जचं सरळ चूक आहे. त्याच्याकडे येतेच.

आधी हे कव्हर करायचं वगैरे डोक्यातून काढून टाक. एक प्रश्न घे. एकच. आणि तो घेऊन एकेकाच्या दारात जाऊन उभा राहा. मी माझा सांगते, तुला दुसरा सापडला तर तो घे. माझा प्रश्न असा की मी गुन्हा केलेला नाही हे मला माहितीये, तरी माझं राज्य म्हणतंय की तू मर, तर मी थांबायचं का पळायचं?

इसवी सन पूर्व 399. ग्रीसमधलं अथेन्स स्पार्टाशी युद्ध हरून पाच वर्षं झालीयत, मध्ये तीस जणांच्या टोळीने सत्ता बळकावून भयंकर माणसं मारलीयत, लोकशाही परत आलीय पण सगळे एकमेकांकडे संशयाने बघतायत. अशात सत्तर वर्षांच्या सॉक्रेटिस या तत्त्वज्ञावर खटला होतो आणि साधारण पाचशे साध्या नागरिकांची ज्युरी त्याला मरणाची शिक्षा देते. त्याचा शिष्य प्लेटो तेव्हा अठ्ठावीसेक वर्षांचा असेल, म्हणजे तुझ्याहून थोडाच मोठा, आणि तो कोर्टात हजर होता. पुढे तो लोकशाहीबद्दल एवढं कडू का लिहितो हे नोट्समधल्या 'डेमोक्रसीचा टीकाकार' या दोन शब्दांतून कधीच कळणार नाही, त्याच्या गुरूला मतदान करून मारलंय हे आधी डोळ्यासमोर यायला पाहिजे. आणि त्या तीस जणांचा म्होरक्या क्रिटियास प्लेटोच्या आईच्या नात्यातला होता हे पण लक्षात ठेव, म्हणजे लोकशाही सोडून दुसरं टोक काय असतं तेही त्याने घरातच बघितलं होतं.

आता प्लेटोने लिहिलेला क्रिटो नावाचा छोटा संवाद घे. एका बैठकीत होतो. पहाटे सॉक्रेटिसचा मित्र क्रिटो तुरुंगात येतो, सगळी सोय झालीय, पैसे दिलेत, चल निघू म्हणतो. सॉक्रेटिस म्हणतो थांब, आपण निघालो आणि वाटेत अथेन्सचे कायदेच समोर येऊन उभे राहिले तर? आणि मग ते कायदे बोलायला लागतात. तुझ्या आईबापाचं लग्न आमच्यामुळे झालं, तुला आम्ही वाढवलं शिकवलं, पटत नव्हतं तर सामान घेऊन दुसरीकडे जायला कोणी अडवलं नव्हतं, सत्तर वर्षं राहिलास आणि आता पळतोस? एकतर आम्हाला पटवून दे नाहीतर ऐक. पुढच्या सगळ्या सोशल काँट्रॅक्टचं, म्हणजे राज्य हा माणसांनी केलेला करार आहे या विचाराचं, बी इथे आहे. राहिलास म्हणजे कबूल केलंस.

पण लगेच मान डोलवू नकोस. याच माणसाने खटल्यात ज्युरीला तोंडावर सांगितलंय की तत्त्वचिंतन बंद करायच्या अटीवर सोडणार असाल तर मी ती अट पाळणार नाही. आणि तीस जणांनी त्याला एका निरपराध माणसाला पकडून आणायला सांगितलं तेव्हा तो सरळ घरी निघून गेला होता. मग कुठलं ऐकायचं आणि कुठलं नाही, ती रेघ कुठे आहे? यावर विद्वानांचे अजून वाद चालू आहेत, तू पण वाद घाल.

आणि त्या कायद्यांच्या भाषणात एक वाक्य असं येतं की पळून जाणं म्हणजे सगळ्यात हलक्या गुलामासारखं वागणं. तिथे पेन्सिल ठेव. कारण सामान घेऊन जायची मुभा कोणाला होती? नागरिकाला. गुलाम पळाला तर तो करार मोडत नव्हता, त्याच्याशी करार कोणी केलाच नव्हता. महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' काढलं, त्याच्या इंग्रजी प्रस्तावनेच्या सुरुवातीलाच ग्रीक कवी होमरचं वचन आहे, माणूस ज्या दिवशी गुलाम होतो त्या दिवशी त्याचं निम्मं सत्त्व जातं अशा अर्थाचं. ग्रीकांकडून काय उचलायचं हे ज्योतिरावांना बरोबर कळलं होतं. प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल वाचताना हे हाताशी ठेव, कारण काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात हे तो शांतपणे मांडतो आणि ते वाचताना चीड आली तर येऊ दे, पान मात्र उलटू नकोस.

ॲरिस्टॉटल स्वतः अथेन्सचा नागरिक नव्हता, स्टागिराहून आलेला परका, म्हणजे ज्या नागरिकत्वावर एवढं लिहिलं ते त्याला तिथे कधी मिळालंच नाही. इ.स.पू. 323 मध्ये मॅसेडोनियाचा राजा अलेक्झांडर मेला तसा अथेन्समध्ये मॅसेडोनियाशी संबंध असलेल्यांवर राग उसळला, ॲरिस्टॉटलवर पण अधर्माचा आरोप आला, आणि तो गाव सोडून गेला. अथेन्सला तत्त्वज्ञानाविरुद्ध दुसऱ्यांदा पाप करू देणार नाही, असं तो म्हणाला अशी जुनी आख्यायिका आहे. म्हणजे त्याचं उत्तर, पळायचं.

मधली हजारेक वर्षं तुला परीक्षेपुरती बघावी लागतील. ख्रिस्ती विचारवंतांपैकी ऑगस्टिनचं एवढं घे की न्याय काढून घेतला तर राज्य म्हणजे मोठी दरोडेखोरांची टोळीच, आणि अक्वायनसचं हे की अन्यायी कायदा हा कायद्यापेक्षा जबरदस्तीच जास्त. फ्लोरेन्सच्या मॅकियाव्हेलीला 1513 मध्ये हात मागे बांधून दोरीने वर लटकवून छळलं होतं आणि त्याच वर्षी त्याने 'प्रिन्स' लिहायला घेतलं, हे माहीत असलं की ते पुस्तक वेगळं वाचलं जातं.

आता हॉब्ज. 1640 मध्ये इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंटचं बिनसलं तसा हा पॅरिसला निघून गेला, आणि पळणाऱ्यांत मी पहिला होतो असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. 1649 मध्ये तिकडे राजाचं डोकं उडवलं, 1651 मध्ये 'लेव्हायथन' आलं. त्याचं तेरावं प्रकरण मोठ्याने वाच, इंग्लिश जड आहे पण कानाला लवकर कळते. माणूस वाईट आहे असं तो म्हणतच नाही रे. तो म्हणतो माणसं जवळजवळ सारखी आहेत, सगळ्यात दुबळा पण गुपचूप डाव रचून किंवा दुसऱ्यांना हाताशी धरून सगळ्यात दांडग्याला मारू शकतो, म्हणून वर कोणी नसेल तर प्रत्येकाला प्रत्येकाची भीती, आणि भीती वाटली की चांगला माणूससुद्धा आधी हात उचलतो. तू रात्री दाराला कडी लावतोस, घरात कपाटाला कुलूप लावतोस, मग शेजाऱ्यांबद्दल आणि घरच्यांबद्दल तुझं मत काय, असं तो विचारतो. याला 'वाईट' या एका शब्दात कोंबता येतं का सांग.

आणि आपला प्रश्न त्याला विचार. तुझ्या तक्त्यात हॉब्ज म्हणजे अमर्याद सत्ता, बरोबर? पण चौदाव्या आणि एकविसाव्या प्रकरणात तो म्हणतो की जीव वाचवायचा हक्क कोणी सोडूच शकत नाही, शिक्षा न्याय्य असली तरी मरणाच्या दारातल्या माणसाने प्रतिकार केला तर तो अन्याय नाही. पुरावा काय देतो, तर कैद्याला फाशी द्यायला नेताना हत्यारबंद शिपाई बरोबर का असतात? कारण तो गुपचूप येणार नाही हे सगळ्यांनाच माहीत असतं. एवढी मोठी सत्ता उभी केली आणि मधोमध ही एक फट ठेवली, मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी पुस्तक मिटून गच्चीत फेऱ्या मारत बसले होते.

लॉककडे तीच फट मोठी होते. तुझा जीव तुझ्या मालकीचा नाहीच, देवाचा आहे, मग जे तुझं नाही त्यावरची पूर्ण सत्ता तू राजाला देणार कशी? आणि राजाने विश्वास मोडला तर निवाडा लोकांनी करायचा. हे लिहिणं किती धोक्याचं होतं बघ, 1683 मध्ये राजाच्या सत्तेविरुद्ध लिहिणाऱ्या अल्जर्नन सिडनीला राजद्रोहासाठी मारलं तेव्हा त्या खटल्यात लागणारा दुसरा साक्षीदार मिळेना म्हणून त्याच्या घरी सापडलेलं हस्तलिखितच साक्षीदार धरलं. त्याच वर्षी लॉक हॉलंडला निघून गेला, हे मांडणारं पुस्तक नंतर बिननावाने छापलं आणि ते आपलं आहे हे मृत्युपत्रात कबूल केलं. पण याच लॉकचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत होते, हेही त्याच पानावर लिही, वेगळ्या वहीत नको.

रूसो मात्र उलटा फिरतो. राज्य म्हणालं की तुझं मरणं राज्याच्या हिताचं आहे तर नागरिकाने मरावं, कारण आजवर त्याच अटीवर तो सुरक्षित जगला, हे 1762 च्या 'सोशल काँट्रॅक्ट'मध्ये स्पष्ट आहे. आणि त्याच वर्षी जूनमध्ये, 'एमिल' या त्याच्या शिक्षणावरच्या पुस्तकावरून पॅरिसमध्ये अटकेचा हुकूम निघाल्यावर तो पळाला, आणि ज्या जिनिव्हाचा नागरिक म्हणून तो अभिमानाने सही करायचा त्या जिनिव्हाने त्याची दोन्ही पुस्तकं जाळली. पुढच्या वर्षी त्याने नागरिकत्व लेखी सोडून दिलं. यावरून त्याला ढोंगी ठरवायची घाई करू नकोस, त्याला जे राज्य हवं होतं ते लोकांच्या स्वतःच्या इच्छेवर उभं होतं आणि हे ते राज्य नव्हतंच, असं तो म्हणू शकतो. पटतं का बघ.

जर्मन तत्त्वज्ञ कांट 1784 मध्ये हवा तेवढा वाद घाला पण आज्ञा पाळा इथे येऊन थांबतो, मला तो तिथे कायम अपुरा वाटत आलाय. माझा जीव काँदोर्से या फ्रेंच विचारवंतावर आहे. बायकांना नागरिक म्हणून हक्क द्या हे त्याने 1790 मध्येच लिहिलं, 1793 मध्ये फ्रेंच क्रांतीच्याच सरकारने त्याच्यावर वॉरंट काढलं, आणि पॅरिसमध्ये एका बाईंच्या घरात लपून त्याने मानवजात पुढे कशी जाईल यावर पुस्तक लिहिलं. 1794 च्या मार्चमध्ये बाहेर पडला, पकडला गेला, कोठडीत मेला.

तर तो तक्ता फाडून टाक आणि आज क्रिटो वाच, समरी नको. मग हॉब्जची ती तीन प्रकरणं, रोज थोडी. आणि मला दोन पानं लिहून पाठव, मराठीत चालेल, की अथेन्सचे ते कायदे पॅरिसच्या वाटेवर हॉब्जला भेटले असते तर त्याने त्यांना काय उत्तर दिलं असतं. रविवारी सकाळी मी घरीच आहे, फोन कर.